चौथ्या बाटलीच्या आधी

काचबिंदूचे रुग्ण नेत्रतज्ज्ञांना एक प्रश्न हमखास विचारतात: थेंब नेमाने घालतोय, दाबही नॉर्मल येतोय, मग फील्ड टेस्टचा कागद दरवर्षी आणखी काळा का होत चाललाय? प्रश्नाचा सूर तक्रारीचा असतो, पण प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. ‘औषध चालू आहे’ आणि ‘रोग थांबला आहे’ या दोन वाक्यांत अंतर असते, आणि ते अंतर रुग्णाच्या आधी बहुधा त्या कागदालाच कळते. अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे आणखी एक बाटली लिहून देणे. पहिलीने भागले नाही म्हणून दुसरी, मग तिसरी, मग चौथी. माझे म्हणणे असे की, चौथी बाटली उघडण्याआधी चार गोष्टी तपासल्या गेल्या पाहिजेत. रोग खरोखर वाढतोय का? औषध खरोखर डोळ्यात जातेय का? मोजलेला दाब खरा आहे का? आणि रोग आपण समजतो तोच आहे का? या चारांची उत्तरे नीट मिळाली, तर बरेचदा चौथ्या बाटलीची गरजच उरत नाही. आणि जिथे रोग खरोखरच औषधांना जुमानत नाही, तिथे लेसर किंवा शस्त्रक्रिया वेळेवर होते.

आधी रोगाची घडण पाहू. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पाण्यासारखा एक द्रव अखंड तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. तो आतल्या आत तयार होतो आणि डोळ्याच्या कोनातल्या बारीक जाळीतून रक्तात निघून जातो. नळ चालू आणि मोरीची जाळी तुंबलेली, अशी अवस्था आली की आतला दाब वाढतो. या दाबाचा मार बसतो तो डोळ्यामागच्या नसेला. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. नुकसान बहुधा मधल्या नजरेच्या बाहेरच्या भागात सुरू होते, एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि उरलेली रिकामी जागा मेंदू आपल्या अंदाजाने सांधतो. त्यामुळे बरीच नजर जाईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. आजवर सिद्ध झालेले सगळे उपचार, मग ते थेंब असोत, लेसर असो की शस्त्रक्रिया, एकच काम करतात: दाब उतरवणे. गेलेली नजर त्यातला एकही परत आणत नाही.

इथेच ‘नॉर्मल’ हा शब्द घात करतो. १० ते २१ मिलिमीटर पारा ही मर्यादा निरोगी लोकांच्या डोळ्यांची मोजमापे घेऊन ठरलेली आहे. त्या रेघेच्या आत प्रत्येक नस सुरक्षित असते, असे त्यातून निघत नाही. दाब या मर्यादेतच असूनही नस खराब झालेल्या रुग्णांवर अमेरिकेच्या पुढाकाराने एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. ज्यांचा दाब आणखी ३० टक्क्यांनी उतरवला, त्यांच्यातल्या १२ टक्के डोळ्यांत नुकसान वाढले. ज्यांना उपचार दिले नाहीत, त्यांच्यात ३५ टक्के डोळ्यांत. स्वीडनमधल्या २५५ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, दाब एका मिलिमीटरने उतरला की रोग वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो. म्हणजे १७ हा आकडा एका डोळ्याला पुरेसा, तर दुसऱ्याला घातक असू शकतो. दाब नॉर्मल असताना नजर जात असेल तर दाबाचा दोष नाही, असा युक्तिवाद रुग्ण करतात, कधीकधी डॉक्टरही करतात. वरचे आकडे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. नस अजून झिजत असेल, तर तिच्यापुरता तो दाब जास्तच आहे.

मात्र नस खरोखर झिजतेय हे आधी ठरले पाहिजे. फील्ड टेस्टमध्ये माणूस एका वाडग्यासारख्या यंत्रात डोके घालून मधल्या बिंदूकडे टक लावून बसतो आणि मिणमिणता ठिपका दिसला की बटण दाबतो. यात दमणूक आहे, कंटाळा आहे, पहिल्या एक-दोन वेळचे नवखेपणही आहे. दाब जास्त पण नस शाबूत, अशा लोकांवरच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्यांदा बिघडलेल्या निकालांपैकी सुमारे ८६ टक्के निकाल पुन्हा चाचणी केल्यावर टिकले नाहीत. मोतीबिंदू वाढत असला तरी सगळा कागद अंधारून येतो आणि दोष काचबिंदूच्या माथी जातो. म्हणून एका खराब कागदावर औषध वाढवणे उतावीळपणाचे. दुसरीकडे, वर्षातून एकदाच चाचणी करून ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणत राहिले, तर रोग वेगाने पळतोय हे कळेपर्यंत तीन-चार वर्षे हातची जातात. निदान झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत सहा चाचण्या कराव्यात, ही शिफारस त्यातूनच आली. सोबत ओसीटी या डोळ्याच्या स्कॅनवर तंतूंच्या थराची जाडी मोजली जाते. चाचणी आणि चित्र दोन्ही एकच सांगू लागले, म्हणजे खात्री पटते.

खात्री पटल्यावर वेग मोजायचा. फील्ड टेस्टच्या कागदावर डेसिबलमध्ये एक सरासरी आकडा छापलेला असतो. निरोगी डोळ्यात तो शून्याच्या आसपास असतो आणि जवळजवळ आंधळ्या डोळ्यात उणे तीसच्या घरात. समजा, साठीतल्या दोघांचा आकडा आज उणे सहा आहे. एकाचा दरवर्षी पाव डेसिबल जातो. ऐंशीव्या वर्षी तो उणे अकरावर असेल, काही अडचणी येतील, पण आपले आपण वावरू शकेल. दुसऱ्याचे वर्षाला दोन डेसिबल जात असतील, तर सत्तरीतच तो उणे सव्वीसवर पोचेल. दोघांचा आजचा दाब सारखा, कागद सारखा, औषधही सारखे. तरी दोघांचे उपचार वेगळेच हवेत. उपचार किती कडक करायचे, हे नुकसानाचा वेग आणि पुढे उरलेले आयुष्य या दोहोंवरून ठरते. एकट्या दाबाच्या आकड्यात ही माहिती नसते.

दुसरी तपासणी नाजूक आहे: औषध डोळ्यात जातेय का? अमेरिकेतल्या एका अभ्यासात १९६ रुग्णांना थेंब फुकट दिले आणि बाटलीला बसवलेल्या यंत्राने प्रत्येक वापराची नोंद केली. आपल्यावर नोंद ठेवली जातेय हे त्यांना माहीत होते. तरीही जवळपास ४५ टक्के लोकांनी ठरलेल्या मात्रेपैकी पाऊण हिस्साही घेतला नाही. कोण औषध चुकवतो याचा डॉक्टरांचा अंदाजही फारसा बरोबर आला नाही. हे सांगणे म्हणजे दोष रुग्णाच्या गळ्यात बांधणे, असा आक्षेप कुणी घेईल. पण जरा विचार करा. हे औषध घेतल्याने काहीच बरे वाटत नाही, उलट डोळा झोंबतो, लाल होतो. चुकवले तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. हात थरथरत असले, बोटे आखडलेली असली, तर थेंब गालावर ओघळतो. असले औषध वर्षानुवर्षे न चुकता घेणे ही कोणाचीही परीक्षाच. रागावून विचारले तर रुग्ण ‘हो, घेतो’ म्हणतो, डॉक्टर औषधच अपुरे आहे असे समजून आणखी एक लिहितात, आणि जिथे दोन बाटल्या सांभाळल्या जात नव्हत्या तिथे तीन येतात. म्हणून ‘आठवड्यात किती वेळा राहून जातात?’ असे सरळ विचारावे आणि समोरच एकदा थेंब घालून दाखवायला सांगावे. डोळ्यात एकच थेंब मावतो. दुसरा वाया जातो. दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटे जावीत. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन-तीन मिनिटे हलकेच दाबून ठेवला, तर औषध घशात उतरत नाही आणि अंगावरचे दुष्परिणामही कमी होतात.

तिसरी तपासणी मोजमापाची. दाब मोजण्याची प्रचलित पद्धत डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल, हलकेच सपाट करून पाहते. पारपटलाची जाडी ५२० मायक्रॉन आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. पारपटल पातळ असेल तर ते सहज दबते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या मोठ्या पाहणीत पारपटलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. ही सरासरी झाली; म्हणजे तिच्याहून पातळ पारपटलाची माणसे आपल्याकडे भरपूर आहेत. चष्मा घालवण्यासाठी लेसर करून घेतलेल्यांचे पारपटल तर मुद्दामच पातळ केलेले असते. शिवाय दाब दिवसभर एकसारखा राहत नाही. आडवे झाल्यावर तो वाढतो, आणि बऱ्याच जणांत रात्री सर्वांत जास्त असतो. आपण मोजतो मात्र सकाळी अकराला, खुर्चीत बसवून. त्यात परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करावा तसे अनेक जण तपासणीच्या आदल्या आठवड्यात थेंब अगदी नेमाने घालतात. मग दाब उत्तम येतो आणि नस मात्र खराब होतच राहते. निरनिराळ्या वेळी दाब मोजल्याने हे कोडे बरेचदा सुटते. शीर्षासन करणाऱ्यांनी ते डॉक्टरांना जरूर सांगावे. चेन्नईत झालेल्या अभ्यासात त्या स्थितीत डोळ्याचा दाब सुमारे दुप्पट झालेला दिसला.

चौथा प्रश्न निदानाचा. काचबिंदूचे मुख्य प्रकार दोन. एकात कोन उघडा असतो पण जाळी तुंबलेली. दुसऱ्यात डोळ्यातला रंगीत पडदा पुढे सरकून कोनच बुजवतो. आशियात, आणि भारतातही, दुसरा प्रकार पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच जास्त आढळतो. कोन नुसता पाहून कळत नाही. त्यासाठी आरशाचे खास भिंग डोळ्याला टेकवून पाहावे लागते. गर्दीच्या ओपीडीत ही पाच मिनिटांची तपासणी राहून गेली, तर कोन बंद असलेल्या माणसाला वर्षानुवर्षे थेंब दिले जातात. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. अशा डोळ्याला लेसरने बारीक छिद्र पाडणे किंवा फुगलेले नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम बसवणे हा उपाय असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ४१९ रुग्णांच्या अभ्यासात भिंग आधीच काढण्याचा मार्ग लेसरपेक्षा सरस ठरला. दुसरा छुपा गुन्हेगार स्टिरॉइड. साधारण तिघांपैकी एकाच्या डोळ्याचा दाब स्टिरॉइडच्या थेंबांनी वाढतो. लाल डोळ्यासाठी दुकानातून आपणच आणलेले ड्रॉप्स, चेहऱ्याला लावायचे गोरेपणाचे मलम, दम्याचा पंप यांची नावे काचबिंदूच्या डॉक्टरांपर्यंत बहुधा पोचतच नाहीत. आणि क्वचित नसेचे नुकसान काचबिंदूचे नसतेच. नस खोलगट होण्यापेक्षा फिकट जास्त दिसत असेल किंवा फील्डचा नमुना जुळत नसेल, तर मेंदूचा स्कॅन करावा लागतो.

हे चारही दरवाजे बंद केल्यावर जे उरते, तोच औषधांना न जुमानणारा काचबिंदू. इथे चौथी बाटली हा दुबळा उपाय आहे, आणि त्याला कारणे आहेत. पहिल्या औषधाने, विशेषतः प्रोस्टाग्लँडिन गटातल्या, दाब २५ ते ३३ टक्के उतरतो. पुढच्या प्रत्येक बाटलीचा वाटा घटत जातो. बाटल्या वाढल्या की नेम कमी होतो. आणि वर्षानुवर्षे चाललेल्या अनेक थेंबांनी, त्यांतल्या टिकाऊपणाच्या रसायनांनी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण सुजत राहते. असे सुजलेले आवरण पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी आडवे येते, कारण तिथे व्रण लवकर धरतो. म्हणजे शस्त्रक्रिया टाळण्यासाठी घातलेली चौथी बाटली पुढे त्याच शस्त्रक्रियेचे यश कमी करू शकते.

मधला मार्ग लेसरचा. कोन उघडा असेल तर जाळीवर लेसरचे सौम्य ठिपके देऊन द्रवाची वाट मोकळी करता येते. काम काही मिनिटांचे, बाह्यरुग्ण विभागात होणारे. ब्रिटनमध्ये ७१८ नव्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लेसरने सुरुवात केलेल्यांपैकी ७४ टक्के तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय होते. सहा वर्षांनंतर हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास राहिले, आणि शस्त्रक्रिया लागलेले डोळेही थेंबांनी सुरुवात केलेल्यांपेक्षा कमी होते. या निकालाची मर्यादा मात्र लक्षात ठेवली पाहिजे. ते रुग्ण नवे होते आणि बहुतेकांचा रोग सुरुवातीचा होता. तीन औषधे घेऊनही झपाट्याने खालावणाऱ्या डोळ्याला लेसरने मिळणारा उतार बहुधा अपुरा पडतो. लेसर लवकर केला तर सोन्याचा. फार उशिरा केला तर कधीकधी मूळ निर्णय पुढे ढकलण्याचे निमित्त.

उरते शस्त्रक्रिया. ट्रॅबेक्युलेक्टॉमी १९६८ मध्ये इंग्लंडमधले शल्यविशारद केर्न्स यांनी मांडली. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत पातळ झडपेआड एक वाट करायची, म्हणजे द्रव वरच्या पापणीखाली एका छोट्या फुगवट्यात जमतो आणि तिथून शोषला जातो. व्रण धरून ती वाट बुजू नये म्हणून पुढे मायटोमायसिन हे औषध वापरात आले. ही वाट टिकणार नाही अशा डोळ्यांत बारीक नळी आणि तिला जोडलेली छोटी पट्टी बसवतात. परदेशी पट्ट्या महाग. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने कमी किमतीची पट्टी बनवली, तेव्हा हा उपाय आपल्याकडच्या साध्या रुग्णालाही परवडू लागला. शस्त्रक्रियेची ताकद तिने गाठलेल्या आकड्यात दिसते. रोग पुढे गेलेल्या ४५३ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनी औषधगटाचा सरासरी दाब १५.१ होता, शस्त्रक्रियेच्या गटाचा १२.४. त्याआधी २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्या डोळ्यांचा दाब प्रत्येक भेटीत १८च्या खाली राहिला, त्यांची सरासरी १२.३ होती आणि काही वर्षांनंतरही त्यांचे फील्ड सरासरीने जिथल्या तिथे होते. रोग पुढे गेलेल्या डोळ्याला बारा-तेराच्या आसपासचा दाब लागतो, आणि तिथवर नुसत्या थेंबांनी पोचणे अनेकांना जमत नाही.

यावर रुग्णाचा आक्षेप स्वाभाविक आहे: शस्त्रक्रियेने नजर वाढणार नाही, उलट थोडी कमीही होऊ शकते, मग कशासाठी करायची? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. दाब गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येतो, फुगवट्यात काही वर्षांनीही जंतुसंसर्ग होऊ शकतो. वाट बुजतेही. आधी डोळ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरच्या एका मोठ्या तुलनेत पाच वर्षांत ट्रॅबेक्युलेक्टॉमीचे अपयश सुमारे ४७ टक्के होते, नळीचे ३०. हे लपवून संमती घेणे चूक. पण तुलना कशाशी करायची? आजच्या नजरेशी केली, तर शस्त्रक्रिया नेहमीच तोट्याची दिसेल. तिची तुलना करायची ती शस्त्रक्रिया न करता दहा वर्षांनी उरणाऱ्या नजरेशी. म्हणूनच पंच्याऐंशी वर्षांच्या, सावकाश खालावणाऱ्या माणसाला शस्त्रक्रिया न सुचवणे शहाणपणाचे. आणि पन्नाशीतल्या, वर्षाला दोन डेसिबल गमावणाऱ्या माणसाला ‘आणखी एक बाटली करून बघू’ म्हणणे हा सावधपणा भासला तरी मोठा धोका.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: दाब उतरवूनही सगळ्यांचा रोग थांबत नाही. स्वीडनच्या त्याच अभ्यासात उपचार न मिळालेल्यांपैकी ६२ टक्क्यांचा रोग वाढला, पण उपचार मिळालेल्यांपैकीही ४५ टक्क्यांचा वाढलाच. मग सगळा भर दाबावर का? कारण ज्याचा परिणाम सिद्ध झालेला आहे, अशी आपल्या हातातली कळ आज तेवढीच आहे. नसेच्या रक्तपुरवठ्याचा भाग आहे हे खरे. रात्री रक्तदाब फार खाली जाणाऱ्यांची नस जास्त धोक्यात दिसते. म्हणून झोपताना घेतलेल्या रक्तदाबाच्या गोळीविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, मनानेच बंद करू नये. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यांचाही उल्लेख करावा. ‘ब-३’ जीवनसत्त्वावर चाचण्या चालू आहेत, पण त्याच्या मोठ्या मात्रा यकृताला इजा करू शकतात. सल्ल्याशिवाय घेण्याची ही वस्तू नव्हे.

तिसरा आक्षेप आपल्या परिस्थितीचा. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा २०१० सालचा अंदाज आहे, आणि आपल्याकडच्या पाहण्यांत दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त रुग्णांना आपल्या रोगाची कल्पनाच नव्हती. तिथे उपचार मिळणाऱ्यांच्या चौथ्या बाटलीची एवढी चर्चा कशाला? कारण तुटवडा हाच बाटल्यांच्या विरोधातला मोठा युक्तिवाद आहे. तालुक्याच्या गावात राहून दर महिन्याला दोन-तीन औषधे मिळवायची, शेतीच्या हंगामातही न चुकवता घालायची, ही साखळी कुठेही तुटू शकते. एकदा केलेला लेसर किंवा शस्त्रक्रिया दुकानात औषध संपले म्हणून थांबत नाही. तपासणी मात्र आयुष्यभर लागतेच. आणि न सापडलेल्या रुग्णांकडे जाणारी एक वाट सापडलेल्या रुग्णाच्या घरातूनच जाते. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना आयुष्यात काचबिंदू होण्याचा धोका २२ टक्के आढळला. इतरांच्या नातलगांत तो २.३ टक्के होता.

स्वीडनच्या माल्मो शहरात काचबिंदूच्या रुग्णांच्या नोंदी त्यांच्या मृत्यूपर्यंत पाहिल्या, तेव्हा सुमारे १६ टक्के दोन्ही डोळ्यांनी आंधळे झालेले होते आणि ४२ टक्क्यांचा निदान एक डोळा गेलेला होता. बहुतेकांची नजर शेवटपर्यंत पुरली, पण पुष्कळांची पुरली नाही. हा फरक एका भेटीत दिसत नाही. तो दिसतो जुने कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर. म्हणून फील्ड टेस्टचे आणि ओसीटीचे सगळे कागद तारखेनुसार एका फायलीत ठेवावेत आणि डॉक्टर बदलले तरी ती फाईल सोबत न्यावी. तपासणीच्या खोलीतून बाहेर पडताना ‘दाब किती आला?’ एवढे विचारून थांबू नये. माझ्या डोळ्याला किती दाब चालेल, गेल्या दोन वर्षांत माझे फील्ड किती वेगाने गेले, आणि याच वेगाने गेले तर माझ्या वयाच्या कोणत्या वर्षी मला अडचण येईल, हे तीन प्रश्न विचारावेत. आणखी बाटली हवी, लेसर हवा, शस्त्रक्रिया हवी की नुसते लक्ष ठेवणे पुरे, हे ठरवायला डॉक्टरांनाही याच तीन उत्तरांची गरज असते.